जपानमध्ये राहायला येताय? पहिल्या वर्षातले कागद, कार्डं आणि त्यांचा क्रम

आपल्याकडे आधार कार्डावर गावाकडचा पत्ता असतो आणि माणूस दहा वर्षं ठाण्यात राहतो. त्याने कुणाचं फारसं अडत नाही. जपानमध्ये मात्र अडतं. इथे सरकारदरबारी तुमची नोंद तुमच्या आजच्या पत्त्याला बांधलेली असते. आरोग्य विमा, पेन्शन, स्थानिक कर, मुलांची शाळा, लसीकरणाची पत्रं, हे सगळं तुम्ही ज्या घरात राहता तिथल्या नगरपालिकेकडून येतं. म्हणून इथली कामं ठरावीक क्रमानेच होतात. आधी रेसिडेन्स कार्ड म्हणजे राहण्याच्या परवान्याचं कार्ड, मग पत्ता, मग फोन आणि बँक, मग माय नंबर म्हणजे प्रत्येक रहिवाशाला मिळणारा सरकारी क्रमांक. मधली एक पायरी गाळली की पुढच्या तीन खिडक्यांवरून परत यावं लागतं. ऑनलाइन सुविधा आता भरपूर आहेत, पण त्या सगळ्या या क्रमाच्या शेवटी सुरू होतात. भाषा शिकून येणारे विद्यार्थी, आयटीतले नोकरदार आणि जोडीदाराबरोबर येणारे, अशा सगळ्यांसाठी ही वाट इथे सांगितली आहे.

निघण्याआधी: नावाचं नक्की करा

मराठी माणसाचं नाव तीन पदरी. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. जपानच्या रेसिडेन्स कार्डावर (जपानीत ‘झाइऱ्यू कार्ड’) हे सगळं रोमन अक्षरांत, आडनाव आधी, पासपोर्टप्रमाणे जसंच्या तसं उतरतं. पुढे प्रत्येक फॉर्मवर दोनच चौकटी असतात, आडनाव आणि नाव, आणि त्यांच्यावर काताकाना लिपीत उच्चार लिहायचा असतो. बँकेचा संगणक प्रामुख्याने हा उच्चार वाचतो. कंपनीने पगाराच्या यादीत एक उच्चार दिला आणि बँकेत दुसरा असला, तर पगार जमा न होता परत जाऊ शकतो.

म्हणून निघण्याआधीच आपल्या पूर्ण नावाचं काताकाना रूप ठरवा. जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या आणि फोनमध्ये जपून ठेवा. कुलकर्णीचं ‘कुरुकारुनि’ होणार, त्याला इलाज नाही, कारण जपानीत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत. ज्ञानेश्वरसारख्या नावात मात्र खरी गडबड होते. ‘ज्ञ’साठी आपण रोमनमध्ये सुरुवातीला ‘डी’ लावतो आणि खिडकीवरचा माणूस प्रामाणिकपणे ‘दो’पासून सुरुवात करतो. त्याला ठरवू देऊ नका. तुम्ही ठरवलेलं रूप कागदावर लिहूनच पुढे करा आणि बँक, विमा, कंपनी, सगळीकडे तेच ठेवा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल किंवा लग्नानंतरचं नाव अर्धवट बदललेलं असेल, तर ते भारतातच दुरुस्त करून घ्या. इथला प्रत्येक कागद त्या एका पानावरून तयार होतो.

बरोबर घ्यायचे कागद: विवाह प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले आणि तुमचा स्वतःचा जन्मदाखला, सगळे इंग्रजीतले आणि शक्य असेल तर जपानी भाषांतरासह. स्वतःचा जन्मदाखला बहुतेक जण घरी ठेवून येतात. त्याचं काम पुढे करांच्या वेळी पडतं.

भारतातली कंपनी तुम्हाला इकडे पाठवत असेल तर आणखी एक कागद लागतो. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या नेमणुकीवर येणाऱ्याला जपानी पेन्शनचे हप्ते भरावे लागत नाहीत. मात्र त्यासाठी भारताच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून म्हणजे ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घ्यावं लागतं. हे प्रमाणपत्र एचआरकडून निघण्याआधी मागून घ्या.

विमानतळावर

तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर नारिता, हानेदा, चुबू, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या खिडकीवरच रेसिडेन्स कार्ड हातात मिळतं. तिथून हलण्याआधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, राहण्याचा प्रकार आणि मुदत, चारही गोष्टी वाचून घ्या. विद्यार्थ्यांनी पार्टटाइम कामाच्या परवानगीचा फॉर्म भरून आणून तिथेच द्यावा. आठवड्याला २८ तासांची परवानगी लगेच कार्डाच्या मागे नोंदली जाते. तेव्हा चुकलं तर नंतर इमिग्रेशन कार्यालयात खेप घालावी लागते.

सोळा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने हे कार्ड कायम जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही ते पाकिटात हवं. फोनमधला फोटो चालत नाही.

कार्डाच्या मागच्या बाजूला पत्त्याची जागा अजून कोरी असते. ती भरेपर्यंत या कार्डावर फारसं काही मिळत नाही.

चौदा दिवसांची मुदत

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा. टोकियोच्या २३ वॉर्डांत या कार्यालयाला ‘कुयाकुशो’ म्हणतात, इतर बहुतेक शहरांत ‘शियाकुशो’. आपली मंडळी सरसकट ‘वॉर्ड ऑफिस’ म्हणतात. या नोंदणीचं नाव ‘तेन्न्यू तोदोके’. उशीर झाला तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो आणि ९० दिवस उलटले तर राहण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. पूर्वी परदेशी लोकांची नोंद वेगळ्या वहीत असायची. ९ जुलै २०१२ पासून ती जपानी नागरिकांच्याच रहिवासी नोंदवहीत होऊ लागली. तुम्ही त्या गावचे रहिवासी म्हणून नोंदले जाता, आणि म्हणूनच त्या गावच्या सगळ्या सेवा तुम्हाला लागू होतात.

घरातल्या प्रत्येकाचं रेसिडेन्स कार्ड आणि पासपोर्ट न्या. कुटुंब असेल तर नातं दाखवणारे दाखले भाषांतरासह न्या. मार्च-एप्रिलमध्ये जपानचं नवं शैक्षणिक आणि आर्थिक वर्ष सुरू होतं आणि निम्मा देश घर बदलत असतो. त्या दिवसांत कार्यालय उघडतानाच पोहोचा.

फॉर्मवरचे तीन शब्द डोळ्यांना ओळखीचे असले की बरंचसं निभावतं: ‘शिमेई’ म्हणजे नाव, ‘जूशो’ म्हणजे पत्ता, ‘सेइनेन्गाप्पी’ म्हणजे जन्मतारीख. वर्षाच्या जागी सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष विचारलं जाऊ शकतं. २०१९ पासून ‘रेइवा’ सुरू आहे. इसवी सनातून २०१८ वजा केले की रेइवा वर्ष मिळतं, म्हणजे २०२५ हे रेइवा ७. त्याआधीच्या ‘हेइसेई’साठी १९८८ वजा करायचे. १९९८ मध्ये जन्मलेल्याचं वर्ष हेइसेई १०. परदेशी माणसाने इसवी सन लिहिलं तरी बहुधा चालतं, पण छापून आलेला कागद वाचता यायला हवा.

त्याच दिवशी, त्याच इमारतीत तीन कामं उरका. विद्यार्थी असाल किंवा कंपनीचा विमा नसेल, तर राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या (‘कोकुमिन केन्को होकेन’) खिडकीवर जा. वय २० ते ५९ असेल आणि कंपनीमार्फत पेन्शन कापलं जात नसेल तर पेन्शनच्या खिडकीवर. आणि निघताना रहिवासी दाखल्याच्या (‘जूमिन्ह्यो’) दोन प्रती घ्या. एका प्रतीला साधारण ३०० येन पडतात. घरमालक, कंपनी, वाहन परवाना, कुणी ना कुणी तो मागतोच. दाखल्यावर माय नंबर छापायचा का, असं विचारतील. कंपनीने मुद्दाम मागितला नसेल तर नको म्हणा.

घरी आल्यावर करायचं काम छोटं आहे, पण फार महत्त्वाचं. पत्रपेटीवर आपलं नाव लावा, रोमनमध्ये आणि काताकानात. पुढच्या काही आठवड्यांत माय नंबरचं पत्र नोंदणीकृत टपालाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत नेतो, आणि मग ते सोडवून आणण्यात दिवस जातात. पत्त्यात इमारतीचं नाव आणि खोली क्रमांकही नोंदवला आहे ना, हे वॉर्ड ऑफिसातच पाहून घ्या.

फोन आणि बँक यांची गाठ

नवख्यांना सर्वांत जास्त छळतं ते इथे. बँक फोन नंबर मागते, फोन कंपनी बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड मागते. ही गाठ फोनच्या टोकाकडून सोडवावी. पत्ता छापलेलं रेसिडेन्स कार्ड दाखवून व्हॉइस सिम देणाऱ्या आणि महिन्याचं बिल कोंबिनीत म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात रोखीने भरू देणाऱ्या कंपन्या आहेत. परदेशी ग्राहकांसाठीच काम करणाऱ्या काही आहेत. नुसतं डेटा सिम घेऊ नका. बँकेचं आणि पैशाचं जवळपास प्रत्येक ॲप एसएमएसने ओळख पटवतं.

मग बँक. परकीय चलनाच्या कायद्यानुसार जपानमधल्या कार्यालयात नोकरी करणारा किंवा येऊन सहा महिने झालेला परदेशी माणूस ‘निवासी’ धरला जातो. त्याआधी विद्यार्थ्याला खातं मिळालं तरी त्यावर परदेशी व्यवहाराच्या मर्यादा असतात, आणि काही बँका सहा महिने थांबायलाच सांगतात. नोकरदारांनी कंपनीचं ओळखपत्र किंवा नेमणुकीचं पत्र बरोबर न्यावं. शिक्का म्हणजे ‘हान्को’ पूर्वी सगळीकडे लागायचा. २०२० नंतर सरकारने सुमारे १५ हजार सरकारी कामांतल्या बहुतेकांमधून शिक्क्याची अट काढली, आणि बऱ्याच बँकाही आता सहीवर खातं उघडतात. तरी घरभाड्याचा एखादा करार शिक्का मागतो. काताकानात आडनाव कोरलेला साधा शिक्का स्वस्तात होतो, तो करून ठेवा.

विद्यार्थ्यांसाठी कळकळीने एक सांगणं. परत जाताना आपलं खातं, कार्ड किंवा सिम कुणाला ‘वापरायला’ देऊ नका, विकू तर मुळीच नका. हा इथे गुन्हा आहे. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरले की माग तुमच्या नावापर्यंत येतो आणि पुढचा व्हिसा अडू शकतो.

माय नंबर: आकडा वेगळा, कार्ड वेगळं

पत्ता नोंदवताच प्रत्येक रहिवाशाला १२ अंकी क्रमांक मिळतो. आधारही १२ अंकीच, म्हणून दोन्ही सारखेच असा समज होतो. तसं नाही. आधारच्या मागे बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आहे. माय नंबर कार्डात फोटो आणि एक चिप असते. चिपमध्ये तुमची डिजिटल सही असते, ठसे नसतात. आणखी एक मोठा फरक सवयीचा आहे. आपण आधारची झेरॉक्स हॉटेलपासून सिमच्या दुकानापर्यंत कुठेही देतो. इथे कार्डाची पुढची बाजू ओळखपत्र म्हणून दाखवायला हरकत नाही, पण क्रमांक असलेल्या मागच्या बाजूची प्रत कर, विमा, पेन्शन किंवा परदेशी पैसे पाठवणं अशा कायद्याने ठरवलेल्या कामांशिवाय कुणी मागू शकत नाही. तुम्हीही देऊ नका.

हे क्रमांक ऑक्टोबर २०१५ पासून वाटले गेले आणि जानेवारी २०१६ पासून वापरात आले. कित्येक वर्षं लोकांनी कार्डाकडे पाठ फिरवली. सरकारच्या हाती सगळी माहिती एकवटण्याबद्दल इथे जुना अविश्वास आहे. २०२० मध्ये साथीच्या काळात सरकारने प्रत्येकाला एक लाख येन दिले, तेव्हा ऑनलाइन आलेले अर्ज नगरपालिकांना हाताने ताडून पाहावे लागले. काही ठिकाणी तर ‘ऑनलाइन नको, टपालाने पाठवा’ असं सांगण्याची वेळ आली. त्या फजितीतून १ सप्टेंबर २०२१ ला सरकारी कामं डिजिटल करण्यासाठी डिजिटल एजन्सी उभी राहिली. सरकारी नियमांतली फ्लॉपी डिस्कची सक्ती काढून टाकायला २०२४ चा उन्हाळा उजाडला. हे सगळं सांगण्याचं कारण असं की तुम्ही या बदलाच्या अधेमध्ये येऊन पोहोचता आहात. एका खिडकीवर फोन टेकवून काम होईल, तर शेजारच्या खिडकीवर फॅक्सचा क्रमांक विचारतील. दोन्हींची तयारी ठेवा. २०२३ मध्ये काही लोकांच्या नोंदी दुसऱ्याच माणसाच्या क्रमांकाला जोडल्या गेल्याचं उघड झालं आणि पुन्हा गदारोळ झाला. म्हणून कार्ड हाती आल्यावर ‘मायनापोर्टल’ या सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपला विमा आणि आपलं बँक खातं बरोबर दिसतंय का, हे एकदा डोळ्यांनी पाहाच.

कार्ड घेणं ऐच्छिक आहे. माझं स्पष्ट मत आहे की परदेशी माणसाने ते घ्यावंच. पत्राबरोबर अर्ज येतो, त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, फोनने फोटो काढून पाठवायचा. पहिलं कार्ड फुकट. साधारणपणे महिनाभराने पोस्टकार्ड येतं आणि ते घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचं. डिसेंबर २०२४ पासून परदेशातून नव्याने येणाऱ्यांसाठी आठवड्याभरात कार्ड देण्याची जलद सोय सुरू झाली आहे. तेन्न्यू तोदोकेच्या दिवशीच तिची चौकशी करा.

कार्ड घेताना पासवर्ड ठरवावे लागतात. चार अंकी पिन रोजच्या वापराचा. दुसरा ६ ते १६ अक्षरांचा, मोठी रोमन अक्षरं आणि अंक मिळून, डिजिटल सहीसाठी. चार अंकी पिन तीनदा चुकला की बंद, लांब पासवर्ड पाचदा चुकला की बंद, आणि उघडायला साधारणपणे पुन्हा खिडकी. घाईत जन्मवर्ष टाकून मोकळे होऊ नका. आधी विचार करून जा आणि घरी जपून लिहून ठेवा.

कार्डाचा पहिला फायदा कोंबिनीत कळतो. बहुतेक नगरपालिकांचे रहिवासी दाखले आणि करांचे दाखले तिथल्या कॉपी मशीनवर सकाळी साडेसहा ते रात्री अकरापर्यंत निघतात. कार्ड ठेवा, पिन टाका, पैसे टाका. पुष्कळ ठिकाणी हे खिडकीपेक्षा स्वस्त पडतं. रात्री दहाला ऑफिसातून परतताना दाखला काढता येणं हे इथल्या नोकरदाराला किती मोलाचं आहे, ते महिनाभरात समजतं. हेच कार्ड आता फोनमध्येही घेता येतं. अँड्रॉइडवर ही सोय २०२३ पासून, आयफोनवर जून २०२५ पासून आहे.

दवाखाना

२ डिसेंबर २०२४ पासून जुनी आरोग्य विमा कार्डं नव्याने देणं बंद झालं. आता माय नंबर कार्ड हेच विम्याचं कार्ड. दवाखान्यात शिरताच दारापाशी एक यंत्र असतं. त्यावर कार्ड ठेवायचं आणि चेहरा दाखवायचा किंवा पिन टाकायचा. कार्ड नसेल तर ‘शिकाकु काकुनिन्शो’ नावाचं पात्रतेचं प्रमाणपत्र मिळतं, तेही चालतं.

खर्चाचे ३० टक्के तुम्ही भरायचे, उरलेले विमा भरतो. मोठं ऑपरेशन झालं तर महिन्याच्या खर्चाला उत्पन्नानुसार कमाल मर्यादा आहे. माय नंबर कार्ड वापरलं तर ती मर्यादा हॉस्पिटलातच लागू होते, वेगळा अर्ज करावा लागत नाही. आणि ताप-खोकल्यासाठी थेट मोठ्या हॉस्पिटलात जाऊ नका. आधी जवळच्या छोट्या क्लिनिकमध्ये जा. मोठी हॉस्पिटलं चिठ्ठीशिवाय आलेल्या नव्या रुग्णाकडून किमान ७,००० येन जादा घेतात, आणि त्याला विमा नाही.

विमा टाळता येईल असं समजू नका. उशिरा गेलात तरी हप्ता पत्त्याच्या नोंदणीपासूनच मोजला जातो. नव्या माणसाचं जपानमधलं आदल्या वर्षीचं उत्पन्न शून्य असतं, त्यामुळे राष्ट्रीय विम्याचा हप्ता कमी बसतो. मात्र ‘उत्पन्न नव्हतं’ हे वॉर्ड ऑफिसात लेखी सांगावं लागतं. विद्यार्थी हे सांगत नाहीत आणि सवलत हातची घालवतात.

पैशांचं: पेन्शन, कर आणि आईवडील

राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता २०२५-२६ साठी महिना १७,५१० येन होता. विद्यार्थ्यांसाठी तो पुढे ढकलण्याची सोय आहे, ‘गाकुसेई नोफु तोकुरेई’ या नावाने अर्ज करायचा. पत्रं येत राहतात आणि काहीच उत्तर दिलं नाही तर ती थकबाकी ठरते. नोकरदारांचा हप्ता पगारातून कापला जातो, निम्मा कंपनी भरते.

दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये अनेकांना पगाराची पावती बघून धक्का बसतो. स्थानिक रहिवासी कर (‘जूमिन्झेई’) आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो आणि १ जानेवारीला तुम्ही जिथे नोंदलेले असता तिथे भरावा लागतो. पहिल्या वर्षी तो नसतो. मग जूनपासून उत्पन्नाच्या साधारण दहा टक्के दराने कापायला लागतात. पहिल्या वर्षाच्या हातात येणाऱ्या रकमेवर गाडीचा हप्ता किंवा मोठं घरभाडं ठरवू नका.

आता आईवडिलांचा विषय, कारण मराठी घरांत पैसे पाठवणं हे असतंच. गावी असलेल्या पालकांना अवलंबित दाखवून करात सवलत मिळू शकते. ही सवलत नोकरदाराला वर्षअखेरीच्या हिशेबात (‘नेन्मात्सु चोसेई’) कंपनीमार्फत मागता येते. २०२३ पासून नियम कडक झाले. परदेशात राहणारी व्यक्ती ३० ते ६९ वर्षांची असेल आणि जपानमधून परदेशी शिकायला गेलेली किंवा अपंग नसेल, तर त्या व्यक्तीला वर्षभरात किमान ३,८०,००० येन पाठवल्याचा पुरावा लागतो. पुरावा प्रत्येकाच्या नावाने वेगळा हवा. बाबांच्या खात्यात दोघांचे पैसे एकत्र टाकले तर आईसाठीची सवलत जाते. म्हणून आईच्या नावाचं खातं उघडून तिला वेगळे पाठवा. पैसे बँकेमार्फतच पाठवा, कारण सुटीत घरी गेल्यावर हातात दिलेल्या रोखीचा पुरावा राहत नाही. नातं सिद्ध करायला तुमचा जन्मदाखला लागतो, भाषांतरासह. तो घरून आणा, असं वर सांगितलं ते यासाठी.

मुदतवाढीची साखळी

व्हिसाची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून मुदतवाढीचा अर्ज करता येतो. माय नंबर कार्ड असेल तर ऑनलाइन होतो. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क खिडकीवर ६,००० आणि ऑनलाइन ५,५०० येन झालं. नोकरी बदलली तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं, तेही ऑनलाइन होतं. नव्या नोकरीच्या आनंदात ते बहुतेकांकडून राहून जातं आणि मुदतवाढीच्या वेळी त्याचा जाब द्यावा लागतो.

नवं रेसिडेन्स कार्ड मिळालं म्हणजे काम संपलं, असं वाटतं. तिथेच सगळे फसतात. तुमच्या माय नंबर कार्डाची मुदत जुन्या व्हिसाच्या मुदतीबरोबर संपते. कायम निवासाचा परवाना असलेल्यांसारखे थोडे सोडले तर सर्व परदेशी लोकांना हे लागू आहे. ती मुदत आपोआप वाढत नाही. नवं कार्ड घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचं आणि जुनी तारीख उलटण्याआधी माय नंबर कार्डाची मुदत वाढवून घ्यायची. हे काम फुकट होतं. तारीख उलटली तर कार्ड बाद, नवा अर्ज, हजार येन आणि पुन्हा महिनाभर वाट. मधल्या काळात दवाखान्यातही अडचण येऊ शकते आणि कोंबिनीतला दाखलाही निघत नाही. इमिग्रेशनचा निर्णय लांबला असेल तर अर्ज प्रलंबित असल्याचं दाखवून तात्पुरती दोन महिन्यांची वाढ मिळते. त्यासाठीही मुदतीच्या आत जावं लागतं.

त्यानंतर बँक. बँकेकडे तुमच्या जुन्या व्हिसाची तारीख नोंदलेली असते. नवं कार्ड दाखवलं नाही तर बँक व्यवहार थांबवू शकते. इमिग्रेशन, वॉर्ड ऑफिस, बँक, कंपनी, हा क्रम फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच घालून ठेवा. रेसिडेन्स कार्ड आणि माय नंबर कार्ड एकत्र करण्याचा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला आहे, पण तुमच्याकडे दोन वेगळी कार्डं असतील तोवर साखळी हीच.

जुन्या मंडळींना जरूर विचारा. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणपतीत भेटीगाठी होतात, लोक मनापासून मदत करतात. पण दहा वर्षांपूर्वी आलेल्याच्या आठवणीतले नियम दहा वर्षांपूर्वीचे असतात. शेवटचं उत्तर वॉर्ड ऑफिसातूनच घ्या. तिथे पुष्कळ ठिकाणी व्हिडिओवरून दुभाषी मिळतो, मागायला संकोच करू नका.

घराभोवतीचा धोका

निशिकासाई हे भारतीयांचं टोकियोतलं सर्वांत ओळखीचं ठिकाण. ते एदोगावा वॉर्डात येतं. त्या वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघर वाटला. त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाकडे बोट दाखवून लिहिलं होतं, ‘इथे थांबून चालणार नाही’. आपल्याच रहिवाशांना इतकं स्पष्ट सांगणारी नगरपालिका मला फार मोठी वाटते. तुमच्या वॉर्डाचाही असा नकाशा असतो. पत्ता नोंदवायला जाल तेव्हाच मागून घ्या. इंग्रजीतही मिळतो.

फोनवर येणाऱ्या इशाऱ्यांचे पाच स्तर आहेत. तिसऱ्या स्तरावर वृद्ध आणि लहान मुलं असलेल्यांनी निघायचं, चौथ्यावर धोक्याच्या जागेतल्या सगळ्यांनी. पाचवा स्तर म्हणजे आपत्ती आलेली आहे, त्याची वाट पाहायची नसते. पर्यटन खात्याच्या पाठिंब्याने तयार झालेलं ‘सेफ्टी टिप्स’ ॲप इंग्रजीत सूचना देतं, ते पहिल्या दिवशी घ्या. भूकंपानंतर फोन लागत नाहीत तेव्हा १७१ या क्रमांकावर आवाजी निरोप ठेवता येतो. घरातल्या सगळ्यांनी तो ऐकायचा कसा, हे आधी ठरवून ठेवा. पोलिसांसाठी ११०, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९.

घर बदलताना आणि देश सोडताना

दुसऱ्या गावी जाताना जुन्या गावी ‘तेन्शुत्सु तोदोके’ म्हणजे निघाल्याची नोंद द्यायची. माय नंबर कार्ड असेल तर फेब्रुवारी २०२३ पासून ही मायनापोर्टलवरून देता येते. नव्या गावी मात्र १४ दिवसांत स्वतः जावंच लागतं.

कायमचे परतणार असाल तर तेन्शुत्सु तोदोके, फोन, वीज-गॅस, बँक आणि उरलेला रहिवासी कर, एवढं उरका. कर भरायला इथे कुणाला तरी प्रतिनिधी नेमता येतं. सहा महिने किंवा त्याहून जास्त पेन्शन भरलं असेल आणि पेन्शनचा हक्क तयार होण्याइतकी दहा वर्षं झाली नसतील, तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत काही रक्कम एकरकमी परत मागता येते. ती जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हप्त्यांवर मोजतात. कंपनीतल्या पेन्शनच्या या रकमेतून २०.४२ टक्के कर कापला जातो. निघण्याआधी कर कार्यालयात प्रतिनिधी नेमला असेल तर त्याच्यामार्फत तो परत मागता येतो.

अर्ज करण्याआधी एकदा थांबून हिशेब करा. सामाजिक सुरक्षा करारामुळे भारतातली आणि जपानमधली हप्त्यांची वर्षं पात्रतेसाठी जोडून धरता येतात. एकरकमी पैसे घेतले की जपानमधली ती वर्षं पुसली जातात. पुन्हा इकडे येण्याचा विचार असेल किंवा इथली वर्षं दहाच्या जवळ आली असतील, तर पैसे तिथेच राहू देणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या आणि घरी परतलेल्या माणसाने मात्र अर्ज करावा. त्याला पेन्शनचं हप्ता-पुस्तक किंवा पेन्शन क्रमांकाचं पत्र लागतं, म्हणून सामान बांधताना ते चेक-इन बॅगेत टाकू नका, पासपोर्टबरोबर हातात ठेवा.